सर्दी-तापानंतर वास आणि चव गेली? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ताप उतरला, खोकला थांबला, नाकही मोकळं आहे, तरी कसलाच वास येत नाहीये. नक्की झालंय काय?

व्हायरसने नाकातल्या वास ओळखणाऱ्या भागाला इजा केलीय. हा भाग नाकपुडीत बोट जातं तिथे नसतो, पार वर, दोन डोळ्यांच्या मधोमध नाकाचं छत असतं तिथे असतो आणि जेमतेम काही चौरस सेंटिमीटरचा असतो. तिथे वास टिपणाऱ्या चेतापेशी असतात आणि त्यांना धरून ठेवणाऱ्या, त्यांचं खाणंपिणं बघणाऱ्या आधारपेशी असतात. 2020 मध्ये हार्वर्डच्या संदीप रॉबर्ट दत्ता यांच्या टीमने दाखवलं की कोरोना व्हायरस ज्या एसीई-2 रिसेप्टरला (रिसेप्टर म्हणजे पेशीवरची ठरावीक गोष्ट पकडणारी जागा) चिकटून पेशीत शिरतो तो या आधारपेशींवर आहे, चेतापेशींवर नाही. म्हणजे मार बसतो आधारपेशींना, सूज येते, आणि मग चेतापेशींचं कामही बंद पडतं.

यातली आशेची गोष्ट अशी की वासाच्या चेतापेशी आयुष्यभर नव्याने तयार होत असतात, खालच्या थरातल्या मूळ पेशींपासून. शरीरातल्या फार कमी चेतापेशींना हे जमतं. म्हणून वास परत येतो, फक्त वेळ लागतो, आणि तो किती लागेल हे कुणी तुम्हाला तारखेसकट सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका.

साध्या सर्दीतही वास जातो की, मग यात वेगळं काय?

सर्दीत नाक चोंदलं की हवाच वरपर्यंत पोचत नाही, नाक सुटलं की वास परत. इथे हवा जातेय, श्वास मोकळा आहे, आणि तरी वास नाही. नाक मोकळं होऊन दोन आठवडे झाले आणि तरी काही कळत नसेल तर ते चोंदणं नाही असं धरून चला.

हे फक्त कोरोनानेच होतं का?

नाही. राइनोव्हायरस, फ्लू, पॅराइन्फ्लुएन्झा, जुने सर्दीवाले कोरोना व्हायरस, सगळ्यांनी होतं. ईएनटी डॉक्टरांना असे पेशंट 2020 च्या कितीतरी आधीपासून माहीत होते, बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या पुढचे आणि त्यात बायका जास्त. कोरोनाने फरक हा पडला की एकाच वेळी जगभर लाखो लोकांना झालं, तरुणांनाही झालं, आणि मग कुठे लोकांनी ऐकून घ्यायला सुरुवात केली. आपल्याकडे केंद्राच्या आरोग्य मंत्रालयाने जून 2020 मध्ये वास आणि चव जाणं हे कोरोनाच्या लक्षणांत घातलं. ओमिक्रॉनपासून याचं प्रमाण बरंच कमी झालंय पण थांबलेलं नाही.

चवही गेलीय. जिभेला काही झालंय का?

बहुतेक वेळा जीभ ठीक असते. घरीच बघा: चिमूटभर मीठ, थोडी साखर, लिंबाचा थेंब, कारल्याचा छोटा तुकडा, एकेक करून जिभेवर ठेवा, मधे पाणी प्या. खारट-गोड-आंबट-कडू कळतंय? मग जीभ काम करतेय आणि गेलंय ते वासाचं काम. जीभ मुळात पाचच गोष्टी ओळखते, या चार आणि पाचवी उमामी, म्हणजे टोमॅटो, मशरूम, मटणाच्या रश्श्यातली ती भरलेली चव. बाकी ज्याला आपण चव म्हणतो, म्हणजे हापूस हापूस लागणं, आमटीत गोडा मसाला कळणं, तुपाचा खमंगपणा, ते सगळं घास चावताना घशाच्या मागून वर नाकात जाणाऱ्या वासाने होतं. ज्याचं नाक चांगलं आहे त्याने नाक चिमटीत घट्ट धरून वेलचीचं श्रीखंड खाऊन बघावं, नुसतं गोड-आंबट गार काहीतरी लागेल. घरच्यांना समजावून सांगायचं असेल तर हा प्रयोग त्यांच्याकडून जरूर करून घ्या, दहा वाक्यांचं काम एका चमच्यात होतं.

तिखटाचं वेगळंच आहे. मिरचीची आग, पुदिन्याचा गारवा, कांदा कापताना डोळ्यांत येणारं पाणी हे सगळं चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नावाच्या नसेचं काम, वासाचं नाही. म्हणून ठेचा तोंडात झणझणतो पण त्यातला लसूण कुठेच सापडत नाही. बरेच जण म्हणतात "मला तिखट कळतंय म्हणजे चव आहे", तर तसं नाही.

मात्र कोरोनात काहींची खरोखरची जिभेची चवही जाते, मीठसुद्धा कळत नाही. ती बहुतेकदा वासाच्या आधी परत येते. तोंड सतत कोरडं पडत असेल किंवा नवीन औषध चालू झालं असेल तर तेही डॉक्टरांना सांगा, कारण काही औषधांनीही चव बिघडते.

परत कधी येणार?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि साहजिकच आहे. 2022 मध्ये बीएमजे या वैद्यकीय जर्नलमध्ये अनेक अभ्यास एकत्र करून केलेलं विश्लेषण आलं होतं, त्यात कोरोनानंतर साधारण 74 टक्के लोकांचा वास 30 दिवसांत सुधारला होता आणि 180 दिवसांत 96 टक्के लोकांचा. साधारण 5 टक्के लोकांना मात्र दीर्घकाळ त्रास राहू शकतो असा त्यांचा अंदाज होता. बायकांमध्ये आणि सुरुवातीलाच वास फार गेलेल्यांमध्ये सुधारणा कमी दिसली. यातलं बरंचसं लोकांनी स्वतः सांगितल्यावर आधारलेलं आहे, आणि प्रत्यक्ष टेस्ट केली की "आलाय परत" म्हणणाऱ्यांतही कमतरता सापडते.

5 टक्के ऐकायला कमी वाटतं, पण ज्या आजाराने कोट्यवधी लोकांना गाठलं त्याचे 5 टक्के म्हणजे फार माणसं होतात, आणि त्यांच्यासाठी आपल्या इथे जवळपास काहीच सोय नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. वर्षभराने, दोन वर्षांनीसुद्धा सुधारणा झालेली माणसं आहेत, त्यामुळे सहा महिने झाले म्हणजे संपलं असं कुणी म्हणालं तर ऐकू नका. सुधारणा सरळ रेषेत होत नाही, एखाद्या सकाळी चहाचा वास येतो आणि मग आठवडाभर काहीच नाही, असं चालतं.

दोन-तीन महिन्यांनी वास यायला लागला पण सगळंच सडकं, जळकं येतंय. आधीच बरं होतं असं वाटतंय!

याला पॅरॉस्मिया म्हणतात आणि हा सगळ्यात छळणारा भाग आहे. वास जातो तेव्हा जग फिकं होतं, पॅरॉस्मियात मात्र जेवणच अंगावर येतं. कॉफी, परतलेला कांदा, लसूण, भाजलेलं चिकन, अंडं, भाजलेले शेंगदाणे, चॉकलेट, टूथपेस्ट, कुणाला स्वतःच्या घामाचा आणि साबणाचासुद्धा, एकच घाणेरडा वास येतो आणि तो कशासारखा आहे हे सांगताच येत नाही कारण तसा वास आधी कधी घेतलेलाच नसतो.

आपल्याकडे ही अडचण दुप्पट आहे, कारण दिवसातून दोनदा घरात फोडणी पडते, आणि ज्या बाईला हा त्रास आहे तीच बहुतेक वेळा ओट्यापाशी उभी असते. तिला मळमळतं, ती जेवत नाही, वजन उतरतं, आणि घरचे म्हणतात नखरे करतेय. हे नखरे नाहीत हो. ब्रिटनमधल्या रीडिंग विद्यापीठात जेन पार्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉफीतले रेणू एकेक वेगळे करून पॅरॉस्मियाच्या पेशंटना हुंगायला दिले तेव्हा ठरावीक रेणूच घाण वाटतात असं दिसलं, त्यातले बरेचसे गंधकवाले, भाजताना-परतताना तयार होणारे आणि अगदी अतिसूक्ष्म प्रमाणातही नाकाला कळणारे. म्हणजे त्रास देणारी वस्तू खरोखर तिथे आहे, तुमच्या मनात नाही.

असं का होतं याचं सगळ्यात पटणारं कारण हे की माणसात वासाचे साधारण 400 प्रकारचे रिसेप्टर असतात, एका कॉफीच्या वासाला त्यातले कितीतरी एकदम लागतात, आणि नव्या पेशी येताना काही आल्या काही नाही, काहींची मेंदूकडे जाणारी जोडणी अर्धवट, अशी स्थिती असते. मेंदूला पोचतं ते अर्धं चित्र. पुष्कळ डॉक्टर याला पेशी परत वाढत असल्याची खूण मानतात आणि बऱ्याच जणांत ते खरंही ठरतं, पण ऐन त्रासात असलेल्या माणसाला "चांगलं लक्षण आहे" एवढंच सांगून घरी पाठवणं मला पटत नाही, त्याला आज रात्री काय खायचं ते सांगा.

तर ते असं: गरम वाफाळतं अन्न टाळा, गार किंवा खोलीच्या तापमानाचं खा, कारण वाफेबरोबर वास उठतो. भाजलेलं-तळलेलं-परतलेलं सोडा, उकडलेलं-वाफवलेलं घ्या. दहीभात, इडली, ताक, पनीर, साधं वरण, काकडी, फळं, मुगाची खिचडी कांदा-लसूण न घालता. फोडणी द्यायचीच असेल तर दुसऱ्या कुणीतरी द्यावी, खिडकी उघडी, एग्झॉस्ट चालू, आणि त्रास असलेलं माणूस त्या वेळी घराबाहेर. पोहण्याची नाकाची क्लिप लावून जेवणारे लोक आहेत, त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. टूथपेस्ट मिंटची सहन होत नसेल तर लहान मुलांची फळांच्या वासाची वापरून बघा. आणि एकदा नकोसा झालेला पदार्थ कायमचा सोडू नका, थोड्या आठवड्यांनी परत एक घास घेऊन बघत जा, पटकन थुंकलं तरी चालेल.

काहीच जळत नसताना जळल्याचा वास येतो, सिगारेटचा धूर येतो.

हा फँटॉस्मिया. व्हायरसनंतर होतो आणि बहुतेकांचा हळूहळू ओसरतो. पण दर वेळी एकदा गॅस आणि स्विचबोर्ड तपासायचेच, "माझ्या नाकाचाच खेळ असेल" म्हणून बसून राहायचं नाही. वास काही सेकंदांचा झटका आल्यासारखा येत असेल, त्या वेळी भान हरपत असेल, तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवा, ते फिटचंही लक्षण असू शकतं.

यावर खात्रीचा उपाय कोणता?

खात्रीचा एकही नाही. पण सगळ्यात जास्त आधार असलेला, स्वस्त आणि बिनधोक उपाय म्हणजे वासाचं ट्रेनिंग, आणि तो आपल्याकडे फार कमी लोकांना सांगितला जातो. जर्मनीत ड्रेस्डेनला थॉमस हुमेल यांनी 2009 मध्ये हा अभ्यास छापला. गुलाब, निलगिरी, लिंबू, लवंग असे चार वास, दिवसातून दोनदा, 12 आठवडे. ज्यांनी केलं त्यांच्यात न करणाऱ्यांपेक्षा सुधारणा जास्त होती, आणि त्यानंतर इतर ठिकाणीही असेच निष्कर्ष आले.

करायचं असं. चार छोट्या झाकणाच्या काचेच्या बाटल्या घ्या, प्रत्येकीवर नाव लिहा. एकीत कुटलेल्या लवंगा, एकीत लिंबाची ताजी साल, बाकी दोन्हींत कापसाच्या बोळ्यावर गुलाबाचं अत्तर आणि निलगिरीचं तेल, दोन-तीन थेंब. तेल थेट नाकाला किंवा कातडीला लावायचं नाही. सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपताना शांत बसा, एक बाटली उघडा, नाकापाशी धरा, दहा ते वीस सेकंद छोटे छोटे श्वास घेत हुंगा, आणि त्या वेळी तो वास आठवायचा प्रयत्न करा, लिंबू चिरताना कसा यायचा, कुठे यायचा. मग थोडं थांबून पुढची. सगळं मिळून पाच मिनिटं लागतात. निलगिरीने नाकात गार वाटेल, तो वास नाही, वर सांगितलेल्या नसेचं काम आहे, त्यावरून वास आला असं समजू नका.

सुरुवातीला काहीच येणार नाही. तरीही करायचं. लोक इथेच सोडतात, दोन आठवडे केलं, काही झालं नाही म्हणून. वहीत तारीख टाकून एक ओळ लिहा, "लवंग: काही नाही", "लवंग: काहीतरी आहे पण काय ते कळत नाही". ही दुसरी ओळ आली की समजा हालचाल आहे. 12 आठवड्यांनी वास बदला, वेलची, जायफळ, ओवा, कॉफी, कापलेली कैरी, जे घरात आहे आणि ज्याची आठवण पक्की आहे ते घ्या, कारण वास बदलत राहिल्याने फायदा वाढल्याचं दिसलंय. पॅरॉस्मियात एखादा वास असह्य होत असेल तर तो बाजूला ठेवून दुसरा घ्या.

निलगिरी तेल आणि कापूर लहान मुलांच्या हाताला लागू देऊ नका, पोटात गेले तर विषारी आहेत, फिटसुद्धा येऊ शकते.

स्टिरॉइड घेऊ का? केमिस्ट देतोय.

केमिस्टच्या सांगण्यावरून अजिबात नको. तोंडाने घ्यायच्या स्टिरॉइडचा या त्रासात फायदा होतोच असा भक्कम पुरावा नाही, साखर वाढते, बीपी वाढतं. 2021 मध्ये दुसऱ्या लाटेनंतर महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे (काळ्या बुरशीचे) किती पेशंट झाले ते आपण बघितलंय, त्यात अनियंत्रित डायबेटिस आणि स्टिरॉइड हे दोन्ही मोठे धागे होते. नाकाचा स्टिरॉइड स्प्रे ही तुलनेने सौम्य गोष्ट आहे, नाकात ॲलर्जी किंवा पॉलिप (आत वाढलेला मऊ मांसल कोंब) असेल तर उपयोगीही आहे, पण निव्वळ व्हायरसने गेलेल्या वासावर त्याचा परिणाम अभ्यासांत मिश्र आलाय. डॉक्टरांनी तपासून दिला तर घ्या.

झिंक, मल्टिव्हिटॅमिन, भाजलेलं संत्रं, कापूर-ओव्याची पोटली, वाफ?

झिंकची किंवा बी-12 ची खरंच कमतरता असेल तर ती भरून काढावी, पण कमतरता नसताना गोळ्या खाऊन वास येत नाही. नाकात घालायचं झिंक तर मुळीच नको, अशा औषधांनी वास कायमचा जाऊ शकतो म्हणून अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषधांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेने, 2009 मध्येच इशारा दिला होता. भाजलेल्या संत्र्याला काही आधार नाही, खायचं तर साधं खा. कापूर-ओवा-लवंगेची पोटली 2021 मध्ये घरोघरी फिरली, तिने नाकात गार वाटतं, इलाज होत नाही. वाफेने चोंदलेलं नाक जरा सुटेल, पेशी परत येणार नाहीत, आणि भांडं लवंडून मुलं भाजल्याचे प्रकार होतात. प्लाझ्माची इंजेक्शनं, मानेतल्या नसेचे ब्लॉक वगैरे अजून प्रयोगाच्या पातळीवर आहेत, त्यासाठी कुणी मोठी रक्कम मागत असेल तर आधी दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्या.

जलनेती करणारे बरेच आहेत. नाक स्वच्छ राहायला मदत होते, करा, फक्त पाणी उकळून कोमट केलेलंच घ्या, थेट नळाचं कधीच नाही. नळाच्या पाण्यातून नाकावाटे मेंदूपर्यंत जाणारा अमीबा दुर्मीळ आहे पण जीवघेणा आहे.

डॉक्टरकडे कधी जायचं?

आजारानंतर महिनाभरात काहीच सुधारणा नसेल तर ईएनटी डॉक्टरांना दाखवा, ते दुर्बिणीने आत बघतील. पण या गोष्टी असतील तर थांबूच नका: फक्त एकाच नाकपुडीचा वास गेलाय, एकाच बाजूने रक्त येतंय, डोक्याला मार लागल्यानंतर गेलाय, डोकेदुखी किंवा दिसण्यात फरक आहे, नाकातून काळपट स्राव, गालावर-डोळ्याभोवती सूज, त्यातही डायबेटिस असेल तर त्याच दिवशी जा. आणि सर्दी-ताप काहीच नसताना वर्षानुवर्षं हळूहळू वास कमी होत गेला असेल तर तेही सांगा, पार्किन्सन्ससारख्या आजारात हे फार आधी सुरू होतं.

घरात गॅस आहे, भीती वाटते.

वाटायलाच हवी, आणि त्यावर काम करायला हवं. एलपीजीला स्वतःचा वास नसतो, गळती कळावी म्हणून त्यात मर्कॅप्टन नावाचं उग्र वासाचं रसायन घालतात, आणि तुमच्या बाबतीत ते निरुपयोगी झालंय. गॅस डिटेक्टर घ्या. लावताना लक्षात ठेवा, सिलेंडरचा गॅस हवेपेक्षा जड, तो जमिनीलगत साचतो म्हणून डिटेक्टर खाली लावायचा. पाइपचा गॅस हलका, तो वर जातो म्हणून छताजवळ. रात्री रेग्युलेटर बंद. गळतीचा संशय आला तर स्विचला हात लावू नका, खिडक्या-दारं उघडा, बाहेर पडा आणि सिलेंडरसाठी 1906 वर फोन करा, पाइपच्या गॅसचा इमर्जन्सी नंबर बिलावर असतो, तो आजच मोबाइलमध्ये घाला. एकटे राहणारे म्हातारे आईवडील असतील तर त्यांच्या घरी हे आधी करा, वयानेही वास कमी होतो आणि त्यांना स्वतःला ते जाणवत नाही.

भांडं गॅसवर ठेवलं की टायमर लावा. उरलेल्या भाजीच्या डब्यावर तारीख लिहा. दूध, मासे, नारळाची चटणी यांबाबत शंका आली तर दुसऱ्याला हुंगायला द्या, दुसरं कुणी नसेल तर टाकून द्या.

जेवण मातीसारखं लागतं म्हणून मी मीठ आणि लोणचं वाढवलंय, चालेल का?

बीपी किंवा किडनीचा त्रास असेल तर नाही, साखरेचंही डायबेटिसमध्ये तसंच. त्याऐवजी जे अजून कळतंय ते वापरा: लिंबू, कोकम, चिंच, दही यांचा आंबटपणा, मिरची-आल्याची झणझण, आणि दाताखाली येणारं काहीतरी, भाजलेला पापड, कोशिंबिरीत दाण्याचं कूट, डाळिंबाचे दाणे. ताटात रंग असू द्या. भुकेची वाट न बघता घड्याळ बघून जेवा, आणि आठवड्यातून एकदा वजन करा.

लहान मुलांना होतं का?

होतं, पण त्यांना सांगता येत नाही. आवडीचं जेवण अचानक नाकारणं, ताटावरून उठणं, "घाण येतेय" म्हणून शाळेचा डबा परत आणणं, आणि हे सगळं एखाद्या तापानंतर सुरू झालं असेल तर जबरदस्ती करू नका, बालरोगतज्ज्ञांशी बोला.

सगळे म्हणतात "जीव वाचला ना, वासाचं काय एवढं". मला मात्र रडू येतं.

येऊ दे. वासाचा रस्ता मेंदूत भावना आणि आठवणींच्या भागाशी अगदी जवळून जोडलेला आहे, त्यामुळे तो बंद पडला की माणसांपासून तुटल्यासारखं होतं. बाळाच्या टाळूचा वास येत नाही म्हणून आया कासावीस होतात, पहिल्या पावसात सगळे खिडकीशी जातात आणि आपल्याला काहीच नाही. मी यातून गेलेय, आणि मला सगळ्यात जास्त त्रास झाला तो आपल्या अंगाला घामाचा वास येतोय का या काळजीने, माणसांत बसणंच नको वाटायचं. यावर घरातलं एक विश्वासाचं माणूस ठरवा जे खरं सांगेल, म्हणजे दिवसभर ती शंका डोक्यात राहत नाही. उदासी दोन आठवड्यांच्या वर टिकली, झोप-भूक गेली, तर डॉक्टरांना वासाइतकंच स्पष्टपणे हेही सांगा. वास गेलेल्यांमध्ये नैराश्य जास्त आढळतं, हे अनेक अभ्यासांत आलंय.

मी पोळीभाजी केंद्र चालवते, माझं पोटच चवीवर आहे. काम बंद करू का?

बंद करायची गरज नाही. अंदाजपंचे हात थांबवा आणि मापावर या, मीठ-मसाला वजनकाट्यावर, प्रत्येक भाजीचं प्रमाण लिहून भिंतीवर. चव बघायला रोज एकच ठरलेली बाई ठेवा, रोज वेगळी नको. तेल वास मारायला लागलं हे तुम्हाला कळणार नाही, म्हणून ते दिवस मोजून बदला, आणि कच्चा माल घेताना पनीर, खवा, मासे यांच्यासाठी बरोबर कुणाला तरी न्या. कामावरच्या माणसांना खरं कारण सांगून ठेवा, म्हणजे काही जळायला लागलं तर ते तुम्हाला लगेच हाक मारतील.